मोठ्या सामन्यांस योग्य मैदान कोणतें?

मोठे सामने भरविण्यास उत्तम मैदान कोणतें, हा वाद गोल्फच्या खेळांत फारच रंगतो. क्रिकेटची खेळपट्टी कोठेंही ठराविक लांबीचीच असते. गोल्फचें प्रत्येक मैदान मात्र निराळें. कोठें समुद्रकांठची वाळू व वारा, कोठें दाट झाडी, कोठें तळें. शक्य तितक्या कमी टोल्यांत चेंडू क्रमानें अठरा खळग्यांत घालावयाचा असतो, तेव्हां मैदान हाच खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी होय.

याबाबत दोन पद्धति आहेत. अमेरिकेंतील 'मास्टर्स' स्पर्धा १९३४ पासून, युद्धाचीं वर्षें वगळतां, ऑगस्टा येथील एकाच खाजगी क्लबाच्या मैदानावर होत आली आहे. उलट ब्रिटनची 'ओपन' स्पर्धा निरनिराळ्या मैदानांवर फिरते. ती १८६० सालीं स्कॉटलंडांतील प्रेस्टविक येथें सुरू झाली, तेव्हां खेळाडू अवघे आठ होते. पुढें १९२५ सालीं तेथें प्रेक्षकांची इतकी दाटी झाली कीं, आघाडीवर असलेल्या मॅक्डोनाल्ड स्मिथ यास धड खेळतां येईना. त्यानंतर ओपन प्रेस्टविक येथें पुनः भरली नाहीं. मैदानाचा कस उतरला नव्हता. माणसें मावेनात, एवढेंच.

माझें मत विचाराल तर सेंट अँड्र्यूज येथील 'ओल्ड कोर्स' पहिल्या मानाचा. १८७३ ते २०२२ या काळांत तेथें तीस वेळां ओपन झाली. तरी तें मैदान सार्वजनिक आहे. सामान्य मनुष्य शुल्क भरून तेथें खेळूं शकतो, आणि रविवारीं बहुधा खेळ बंद असल्यानें गांवकरी मुलांबाळांसह त्याच हिरवळीवर फिरावयास येतात. जगज्जेत्याच्या पावलांवर दुसऱ्या दिवशीं गांवचें पोर धांवतें, हें मला त्या मैदानाचें मोठें वैभव वाटतें.

हाच निकष आपल्या दाराशीं लावून पाहूं. मुळशी तालुक्याच्या पूर्व शिवेवर म्हाळुंगे-बालेवाडी येथें १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरितां श्री शिवछत्रपति क्रीडासंकुल उभें राहिलें. २००८ सालीं तेथें राष्ट्रकुल युवक स्पर्धा झाल्या. २०१३ ची आशियाई मैदानी स्पर्धा वास्तविक चेन्नईस व्हावयाची. परंतु श्रीलंकेच्या खेळाडूंमुळें तेथील सरकारनें ती भरविण्यास नकार दिला, आणि ती भर जुलैच्या पावसाळ्यांत बालेवाडीस आली. तींत विकास गौडा यानें थाळीफेकींत सुवर्णपदक मिळविलें. पुढें २०१८ सालीं चेन्नईचीच टेनिस स्पर्धाही येथें आली. २०२३ नंतर ती गेली. मैदान उत्तम असूनही स्पर्धेचें येणें-जाणें राजकारणावर व पैशावर किती अवलंबून असतें, हें यावरून दिसेल. पाहुणे गेल्यावर धांवपट्टी तालुक्यांतील मुलांस किती मोकळी राहते, हें अधिक महत्त्वाचें.

मग मुळशीच्या डोंगरांतच जागतिक स्पर्धेजोगें गोल्फचें मैदान कां करूं नये, असें वादांत कोणी विचारील. हवा व देखावा यांत आपण कोणास हार जाणार नाहीं. पण अठरा खळग्यांस शंभर एकरांहून अधिक जमीन लागते, आणि पाऊस सरल्यावर आठ महिने हिरवळीस पाणी द्यावें लागतें. येथील पाऊस मोठा खरा, पण चार महिन्यांचा. शिवाय टाटांच्या धरणाखालीं भातखाचरें जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं सत्याग्रह झाला, सेनापति बापट तुरुंगांत गेले, आणि तरीही खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. त्या तालुक्यांत शंभर एकर मागावयास जाणाऱ्यास प्रथम शेतकऱ्यांच्या ओटीवर बसून उत्तरें द्यावीं लागतील.