पोले पोले : दमाने चला

आफ्रिका खंडात टांझानिया नावाचा देश आहे. तेथे किलिमांजारो हा डोंगर आहे. आफ्रिकेतील सर्वांत उंच डोंगर हाच. त्याची उंची ५८९५ मीटर. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे साडेतीन कळसूबाया एकावर एक रचल्या, तरी किलिमांजारो थोडा उंचच राहील!

एवढा उंच डोंगर. पण नेहमीच्या वाटेने जायला दोर लागत नाही की कडे चढावे लागत नाहीत. पायी चालत माथा गाठता येतो. म्हणून दरवर्षी हजारो साधी माणसे तेथे जातात.

पायथ्याशी चग्गा लोक राहतात. ते शेतकरी आहेत. डोंगराचे पाणी पाटाने आणून ते केळी व कॉफी पिकवतात. त्यांच्या बागांच्या वर दाट जंगल लागते. मग झुडपे, मग उजाड माळ, आणि माथ्याजवळ बर्फ. मुलूख उष्ण, पण माथा थंडगार.

मारंगू नावाची एक जुनी वाट आहे. तिच्यावर मुक्कामाला लाकडी घरे आहेत. पहिला मुक्काम सुमारे २७०० मीटरवर, दुसरा ३७०० वर, तिसरा ४७०० वर. शेवटची चढण मध्यरात्री सुरू होते. माथा गाठेपर्यंत उजाडते. जाऊन येऊन पाच-सहा दिवस लागतात.

आता कोणी म्हणेल, “आम्ही रानात राबणारी माणसं. आम्हांला एवढे दिवस कशाला?” पण येथे नुसते पायांचे बळ पुरत नाही. उंचावर हवा विरळ असते. माथ्यावर एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने निम्माच प्राणवायू मिळतो. त्याची शरीराला हळूहळू सवय व्हावी लागते. धडधाकट तरुणालाही यातून सूट नाही.

घाई केली तर काय होते? डोके दुखते. ओकारी होते. झोप येत नाही. हा डोंगराचा इशारा समजावा. तो न मानता वर चढत राहिले, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचते. धाप लागते, तोल जातो, माणूस दगावतोही. त्रास वाढला तर खरा उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे. मागे फिरण्यात लाज नाही. डोंगर कोठे पळून जात नाही. जीव मात्र एकदाच मिळतो.

म्हणून तेथील वाटाडे सारखे म्हणतात, “पोले पोले.” ही स्वाहिली भाषा आहे. अर्थ, हळूहळू. आपल्याकडे “दमानं घ्या” म्हणतात, तेच हे! पुष्कळ लोक दुसऱ्या मुक्कामावर एक दिवस जादा थांबतात. तो दिवस फुकट जात नाही. त्या दिवसात शरीर तयार होते.

प्रवाशांचे सामान हमाल वाहतात. एका हमालावर २० किलोपेक्षा जास्त ओझे घालू नये, असा नियम आहे. थंडी त्यांनाही वाजते, विरळ हवा त्यांनाही बाधते. शिखर गाठल्याचे नाव प्रवाशाचे होते. पण ओझे दुसऱ्याने वाहिलेले असते. त्याला पुरेसे अन्न, ऊबदार कपडे आणि रास्त मजुरी मिळालीच पाहिजे.

माथ्याचे नाव आहे उहुरू. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. पूर्वी तेथे जर्मनांचे राज्य होते. तेव्हा त्यांनी माथ्याला आपल्या बादशहाचे नाव दिले होते. पुढे इंग्रजांचा अंमल आला. ९ डिसेंबर १९६१ रोजी हा मुलूख, म्हणजे तेव्हाचा टांगानिका, स्वतंत्र झाला. त्या वेळी माथ्यावर मशाल पेटवली गेली. तेव्हापासून माथा उहुरू झाला.

प्रश्न
१. उंचावर घाई का करू नये?
२. डोंगराचा इशारा कसा ओळखावा? मग काय करावे?
३. ‘पोले पोले’ म्हणजे काय?
४. ओझे वाहणाऱ्याशी आपण कसे वागावे? आपसांत बोला.