दंड भरला म्हणजे सुटला नव्हे

कोंबडबाजाराची केस म्हणजे काही केस असते का, असं आमच्याकडे कुणीही म्हणेल. धान निघालं, हातात चार पैसे खुळखुळू लागले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कुठे ना कुठे कोंबड्यांची झुंज लागतेच. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधतात, भोवती रिंगण धरून माणसं मुठीत नोटा घेऊन ओरडत असतात, आणि मागे मोहाच्या सावलीत भजीची कढई चढलेली असते. धाड पडली की खरे खेळणारे जंगलात पसार होतात. सापडतात ते बघे, आणि आपली गाडी सोडून पळायला ज्यांचा जीव होत नाही ते. माझा भाचा दुसऱ्या प्रकारातला.

जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२. कायदा १८८७ चा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. पण त्यात झुंजीचे पक्षीही येतात आणि रस्त्यावरचे पत्तेही. कोंबडे, कात्या, रोकड आणि मोटारसायकली जप्त झाल्या. पहिल्या तारखेला सगळ्या आरोपींनी एका सुरात ‘गुन्हा कबूल नाही’ म्हटलं. पुढे तारखाच तारखा. साक्षीदार नाही, साहेब रजेवर, पुढची तारीख. दर वेळी मजुरी बुडायची आणि एसटीचं भाडं लागायचं. आमच्या भागात तालुक्याचं कोर्ट गाठायला पहाटेची गाडी धरावी लागते. सिरोंचा किंवा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं तर अख्खा दिवस जातो. अशा माणसाला कुणी म्हटलं, “कबूल करून टाक ना बावा, थोडक्यात सुटते,” तर तो टाकतोच. भाच्याला हे सांगणारा कोर्टाच्या आवारातलाच एक ओळखीचा माणूस होता. वकील नव्हता, पण वकिलापेक्षा ठामपणे बोलणारा.

लोक अदालतीच्या दिवशी कबुलीची छोटी प्रकरणं पटापट घेतात. त्या दिवशी भाच्याने अर्ज दिला, साहेबांनी विचारलं, याने मान डोलावली, दंड ठोठावला गेला. पावती खिशात घालून बाहेर आला तो हसतच: “मामा, केस मिटली.” मीही त्याला चहा पाजला.

केस मिटली होती ती दोषी ठरून. लोक अदालतीत भाऊबंदकीचा वाद मिटतो, चेकची तडजोड होते, तसंच हेही ‘मिटलं’ असा समज गावोगाव आहे. दिवस तोच आणि मंडप तोच असला तरी कबुलीवर झालेला दंड ही शिक्षाच असते आणि ती रेकॉर्डला राहते. पुढे एका सरकारी भरतीत तो मैदानी आणि लेखी दोन्हीत निघाला. अर्जात रकाना होता, कधी शिक्षा झाली आहे का? मिटलेल्या केसचं काय लिहायचं म्हणून त्याने ‘नाही’ लिहिलं. चारित्र्य पडताळणीत कोर्टाचा आदेश निघाला, आणि निवड गेली. शिक्षेपेक्षा लपवणं जास्त नडलं. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच मांडलं आहे: क्षुल्लक गुन्हा खरा खरा सांगितला तर नेमणूक करणारा तो सोडूनही देऊ शकतो, दडवला तर गोष्ट वेगळी होते. म्हणून कबुली दिलेल्याने प्रत्येक अर्जात ती लिहावी, आदेशाची नक्कल जोडावी.

त्याच धाडीत सापडलेले दोघे-तिघे मात्र ‘कबूल नाही’ला चिकटून राहिले. वर्षभराने साक्षी झाल्या, पंचांनी कुणाला ओळखलं नाही, आणि ते निर्दोष सुटले. भाच्यापेक्षा ते हुशार होते असं नाही. त्यांना घाई नव्हती, कारण त्यांची गाडी अडकली नव्हती.

खरी गोम गाडीत होती. पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन-पावसात गंजणारी मोटारसायकल परत मिळावी म्हणून माणूस कबूल करतो. त्याची मुळीच गरज नसते. जप्त गाडी सुपूर्दनाम्यावर मागता येते, खटला चालू असतानाही. सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वाहनं ठाण्यात सडत ठेवू नका, हमीपत्र घ्या, फोटो काढा, परत करा. भाच्याला हे कुणी सांगितलं नाही, आणि मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता कोर्टात त्या क्षणी काय होतं ते नीट सांगतो, कारण तो क्षण फार लहान असतो. नाव पुकारलं जातं, आरोपी पुढे येतो, आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात: समजला का? कबूल आहे का? इथे ‘होय साहेब’ हे आपल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतं. समोर खुर्ची असली की आपण होयच म्हणतो. माडिया बोलणारा एटापल्लीचा माणूस असो, तेलुगू बोलणारा सिरोंच्याचा असो की मुलचेऱ्याचा बंगाली, मराठीत वाचलेला आरोप कळला नसेल तर तिथेच ‘समजलं नाही’ म्हणायचं. समजावून सांगणं हे कोर्टाचं काम आहे, त्यात उर्मटपणा काही नाही. छोट्या गुन्ह्यांत आरोपीची कबुली होता होईल तो त्याच्याच शब्दांत लिहायची असते. साठच्या दशकात महंत कौशल्या दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावरच बोट ठेवलं. “मी तिथे होतो, पण खेळत नव्हतो” हे आरोपी म्हणाला आणि कागदावर ‘गुन्हा कबूल’ एवढंच आलं, तर ती कबुली धड नव्हे. सहीआधी वाचून दाखवायला सांगा. वकील नसेल तर वकिलासाठी वेळ मागा. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कुठलीही स्त्री आणि कोठडीतला कुणीही, यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीत कागद द्यायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

एकदा सांगितलेलं बदलता येतं का? ‘कबूल नाही’ वरून ‘कबूल’ वर निकालापर्यंत कधीही येता येतं, पण कोर्टाने ते मान्य केलंच पाहिजे असं नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबई हल्ल्यातल्या कसाबचं. ६ मे २००९ ला त्याने सगळे आरोप नाकारले, २० जुलैला भर खटल्यात उठून कबुली दिली. न्यायाधीश ताहिलयानी यांनी ती नोंदवून घेतली, पण तिच्यावर खटला गुंडाळला नाही. साक्षी चालूच ठेवल्या. डिसेंबरमध्ये त्याने तीही फिरवली, तोवर पुराव्याचा डोंगर उभा राहिला होता. इतक्या मोठ्या खटल्यात कोर्ट सावध असतं. कोंबडबाजाराच्या केसला तेवढा वेळ कोण देणार?

उलट दिशेची वाट अरुंद आहे. कबुली मागे घ्यायची तर शिक्षा सुनावण्याआधी, त्याच दिवशी, त्याच टेबलासमोर. कायद्यात यासाठी वेगळं कलम नाही. पण कबुलीवर दोषी ठरवणं न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे, सक्ती नाही, आणि त्या फटीतून अर्ज शिरू शकतो. शिक्षा झाली की अपील फक्त ती किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कामकाजाच्या नव्या संहितेतही हेच ठेवलं आहे.

वनविभागाच्या केसमध्ये आणखी एक खाच आहे. पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, हे आता गावातल्या पोरालाही माहीत असतं. पण वन्यजीव कायद्याखाली अधिकार दिलेल्या सहायक वनसंरक्षकाने आरोपीच्या समोर नोंदवलेला पुरावा कोर्टात चालतो. रानडुकरासाठी सोडलेल्या तारेच्या करंटने वाघ मेला, तर वनअधिकाऱ्यापुढचं ‘बयान’ तिथल्या तिथे द्यायची घाई करू नये. वाघासारख्या प्राण्यांच्या गुन्ह्यात प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची सवलतही नाही, आणि अभयारण्यातल्या शिकारीत अठरा वर्षांवरच्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणंही नाही.

ज्याची कबुली आधीच झाली आहे आणि ती न समजता, दबावाने किंवा चुकीची लिहिली गेली असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज उरतो. मुदत ९० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नकलेचा अर्ज दंड भरल्याच्याच दिवशी त्याच कोर्टात टाकावा आणि अर्जाचा नंबर लिहून घ्यावा. भाच्याने नक्कल मागितली तेव्हा भरतीचा निकाल लागून गेला होता.