कठड्याआडची दरी
(निसर्ग-छायाचित्रण आणि चाकाच्या खुर्चीवरचा छायाचित्रकार)

— तृतीय वर्ष कला (भूगोल)

मी प्रथम वर्षाला असताना आमच्या वर्गाची सहल सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गेली होती. बस जिथे थांबली तिथून प्रेक्षणस्थळ जेमतेम शंभर पावलांवर होते. वयाच्या बाराव्या वर्षी पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीपासून मी चाकाच्या खुर्चीवर, म्हणजे व्हीलचेअरवर असतो. ती हकीकत या लेखाचा विषय नाही. वाटेत सहा पायऱ्या होत्या. मित्र म्हणाले, "अरे, तू इथंच थांब. आम्ही तुझ्यासाठीपण फोटो काढून आणतो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण माझ्या गळ्यातही कॅमेरा होता. मी हट्ट धरला, चौघांनी खुर्ची उचलली आणि मी कठड्यापाशी पोहोचलो. पोहोचलो खरा, परंतु दरी दिसेना! समोर होता भरीव सिमेंटचा कठडा आणि त्याच्यावर आकाश. त्या दिवशी मी अकरा छायाचित्रे काढली, त्यांपैकी नऊ कठड्याचीच निघाली.

पुढे महाविद्यालयात सहलीच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांतलेच एक मी 'दरी' असे नाव देऊन लावले. पाहणारे हसले. एक प्राध्यापक मात्र त्यापुढे थांबले आणि म्हणाले, "विनोद कळला. आता याचं गणित मांडून दाखव." सरांनी सांगितलेले ते गणित आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हाती आलेले काही धडे विद्यार्थी-मित्रांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कठड्याचे गणित

खुर्चीत बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारणपणे 110 ते 125 सेंटिमीटर उंचीवर असतात. माझे 115 वर आहेत. तो कठडा 110 सेंटिमीटर उंच होता. म्हणजे डोळे कठड्याच्या वर केवळ 5 सेंटिमीटर. शिवाय खुर्चीचे पायटे आणि गुडघे पुढे येत असल्याने समोरासमोर उभ्या केलेल्या खुर्चीतला डोळा कठड्यापासून निदान 60 सेंटिमीटर मागे राहतो. सोयीसाठी कठड्याची जाडी आपण सोडून देऊ. 60 सेंटिमीटरला 5 सेंटिमीटर, म्हणजे नजर 12 मीटर पुढे जाईल तेव्हा 1 मीटर खाली उतरेल. कडा सरळ तुटलेला आणि दरी 100 मीटर खोल असेल, तर तळाची जमीन मला 1,200 मीटरपासून पुढेच दिसणार. त्याच्या अलीकडे असलेले देऊळ, भातखाचरे, नदीचे वळण हे सारे माझ्यापुरते नाहीच.

शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे डोळे 155 सेंटिमीटरवर धरू. तो कठड्यावर रेलतो, म्हणून अंतर 15 सेंटिमीटर. त्याची नजर 1 मीटर पुढे जाताना 3 मीटर खाली उतरते आणि त्याला तळ 33 मीटरपासून दिसू लागतो. एकाच जागी, एकाच वेळी आलेल्या दोघांच्या वाट्याला अशा दोन निराळ्या दऱ्या येतात. आपण 'पोहोचण्याची सोय' हा शब्द वापरतो, तेव्हा चाक कुठपर्यंत गेले एवढेच पाहतो. छायाचित्रकाराच्या बाबतीत भिंग कुठपर्यंत गेले, हे पाहिले पाहिजे. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच.

यावर उपाय काय? पहिला उपाय फुकट आहे. खुर्ची कठड्याला समांतर, आडवी लावावी. डोळा 40 सेंटिमीटरपर्यंत जवळ येतो आणि तळ 1,200 ऐवजी 800 मीटरपासून दिसतो. दुसरा उपाय थोड्या खर्चाचा. एका पायाच्या तिवईवर (तिला मोनोपॉड म्हणतात) कॅमेरा 160 सेंटिमीटरपर्यंत वर उचलावा. हल्लीचे अनेक कॅमेरे आपले दृश्य मोबाईलच्या पडद्यावर पाठवतात, त्यामुळे मांडीवर मोबाईल ठेवून चौकट ठरवता येते आणि तिथूनच बटणही दाबता येते. आता भिंग कठड्याच्या 50 सेंटिमीटर वर असते आणि तळ 80 मीटरपासून मिळतो. तिसरा उपाय बांधणाऱ्यांच्या हाती आहे. भरीव कठड्याऐवजी काही फूट भाग उभ्या गजांचा करावा. उंची कमी करावी लागत नाही, सुरक्षितता ढळत नाही आणि दोन गजांमधून भिंग सहज पाहू शकते. लहान मुलांचीही सोय होते, हा वरचा लाभ.

चाक आणि चाकोरी

आपल्या खेड्यांना चाक नवे नाही. पाणंदीतून शतकानुशतके बैलगाड्या जात आल्या आहेत. परंतु बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधले अंतर माझ्या खुर्चीपेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यामुळे माझे एक चाक चाकोरीत आणि दुसरे उंचवट्यावर, अशी कलती स्वारी निघते. लांबीच्या चढापेक्षा हा आडवा उतार जास्त त्रासदायक असतो, कारण खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि एक हात तिला सावरण्यातच गुंततो.

काही मापे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. वाट निदान 90 सेंटिमीटर रुंद असावी आणि खुर्ची पूर्ण वळवायला 150 सेंटिमीटरचे वर्तुळ मोकळे असावे. बॅटरीवर चालणारी स्कूटर लांब असल्याने तिला याहूनही जास्त जागा लागते. मात्र यांतील अनेक स्कूटरांचे आसन फिरते, म्हणून कठड्याशी आडवे लागल्यावर आसन वळवून बसता येते. जमिनीचे म्हणाल तर दाबून बसवलेला मुरूम उन्हाळ्यात उत्तम, काळ्या मातीचा चिखल अशक्य आणि वाळू त्याहून अशक्य. पुढची लहान चाके प्रथम रुततात. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाके पुढे घेऊन मागे ओढत न्यावी.

इंग्लंडमध्ये शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर कुंपण ओलांडण्यासाठी लाकडी पायऱ्या असतात. गुरे अडतात, पण चाकेही अडतात. तेथील मानकाने 'कमीत कमी अडथळा' हे तत्त्व स्वीकारले आहे. प्रथम कुंपणात मोकळी फट ठेवता येईल का ते पाहायचे. ते शक्य नसेल तर फाटक. पायऱ्यांचा विचार होता होईल तो करायचाच नाही. लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात अशा पायऱ्यांविना असलेल्या वाटांची वेगळी यादीच 'माइल्स विदाउट स्टाइल्स' या नावाने केलेली आहे. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की डोंगर सपाट करावा लागत नाही. कोणत्या वाटा आधीच सोयीच्या आहेत, हे शोधून खरेपणाने सांगितले, तरी अर्धे काम होते.

कासचे पठार : एक उदाहरण

साताऱ्यापासून सुमारे 25 किलोमीटरवर असलेले कासचे पठार सर्वांना ठाऊक आहे. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचा समावेश आहे. जांभा खडकावरच्या मातीच्या पातळ थरात पावसाळ्याच्या अखेरीस तेरडा, गेंद, सोनकी, सीतेची आसवे फुलतात. सात वर्षांतून एकदा टोपली कारवी बहरते.

त्या पठारावर सर्वत्र सिमेंटची वाट करा, असे मी कधीच म्हणणार नाही. ज्या मातीवर माणसाचे पाऊलही पडू नये तिथे माझे चाकही जाऊ नये. पण पठारामधून गाडीरस्ता जातो आणि अनेक फुले रस्त्याच्या कडेपर्यंत येतात. रस्त्यालगत, रहदारीपासून सुरक्षित, दोन-चार सपाट जागा राखल्या तर खुर्ची आणि स्कूटर दोन्हींचे काम भागते. निसर्गरक्षण आणि अपंगांची सोय यांत भांडण आहे असे गृहीत धरण्यापूर्वी एवढा विचार तरी व्हावा.

राहिला प्रश्न बोटभर उंचीच्या फुलांचा. मित्रमंडळी जमिनीवर पालथी पडून छायाचित्रे घेतात. मी तीच तिवई उलटी धरतो. कॅमेरा खाली, चाकाच्या बाजूला, फुलाच्या पातळीवर लोंबतो आणि मोबाईलच्या पडद्यावर मी चौकट पाहतो. चित्र उलटे येते, ते नंतर सरळ करता येते. तोल मात्र सांभाळावा. फुलाकडे वाकण्यापूर्वी ब्रेक लावले आहेत ना, हे दोनदा पाहावे.

बसून पाहण्याचे काही फायदेही आहेत. हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणच्या परिसरात रोहित पक्षी येतात. पाणपक्ष्याचे चित्र त्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या जितके जवळून घ्यावे तितके जिवंत वाटते. उभ्या छायाचित्रकाराला त्यासाठी गुडघे टेकावे लागतात. मी आयताच अर्ध्या वाटेवर असतो. तसेच, पायी येणाऱ्या माणसाला पक्षी जितके बिचकतात तितके थांबलेल्या मोटारीला बिचकत नाहीत. मोटारीची खिडकी ही उत्तम लपण आहे. खिडकीच्या काचेवर कॅमेरा टेकवण्यासाठी आईने जुन्या पँटच्या पायात हरभरे भरून मला पिशवी शिवून दिली आहे. विकतच्या पिशवीपेक्षा ती तसूभरही कमी नाही.

उपकरणांविषयी आणखी दोन शब्द. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला पाव इंची आटा बहुतेक सर्वत्र सारखाच असतो, त्यामुळे खुर्चीच्या नळीला बसणारा कोणताही शिकंजा त्याला जोडता येतो. जड पिशवी खुर्चीच्या पाठीमागे टांगू नये. चढावर खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो. ती आसनाखाली बांधावी. बॅटरीची खुर्ची किंवा स्कूटर असेल तर छायाचित्र घेण्यापूर्वी मोटार बंद करावी. कॅमेऱ्याचा पट्टा दांडीत अडकून वाहन अचानक पुढे गेले, तर समोर दरी आहे!

मित्राची कारागिरी

घडी घालता येणारी आधुनिक नळीची खुर्ची 1933 साली अमेरिकेत तयार झाली. खाणीतील अपघाताने अपंग झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्यासाठी त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी ती बनवली. घडी झाली म्हणून खुर्ची मोटारीत मावली आणि मोटारीत मावली म्हणून गावाबाहेर गेली. आपल्याकडे कानपूरला 1972 साली स्थापन झालेला भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगम खुर्च्या आणि तीनचाकी वाहने तयार करतो. कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला. त्याच्या 29 व्या कलमात सरकारवर सोपवलेल्या कामांमध्ये कलावर्ग, बाहेरची शिबिरे आणि साहसी उपक्रम यांत सहभाग सुकर करणे, तसेच कला-विषयांच्या अभ्यासक्रमांची त्या दृष्टीने फेररचना करणे यांचाही उल्लेख आहे. कला शाखेच्या आम्हा विद्यार्थ्यांनी तो वाचायला हवा.

परंतु कलम कठड्यापलीकडे पाहू शकत नाही. त्यासाठी आधी कोणीतरी तिथे जाऊन बसावे लागते. म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. यंदा सहलीची जागा निश्चित करण्यासाठी जे सर आणि विद्यार्थी-प्रतिनिधी पुढे जातील, त्यांनी बसमध्ये ग्रंथालयातली एक लाकडी खुर्ची टाकून न्यावी. तिची बैठक माझ्या खुर्चीच्या बैठकीपेक्षा फारशी निराळी नाही. प्रत्येक प्रेक्षणस्थळी ती कठड्यापासून दोन फुटांवर ठेवावी, तिच्यावर बसावे आणि वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात : खुर्ची इथवर आणताना किती ठिकाणी उचलावी लागली, आणि बसल्यावर काय दिसले.

ती वही मला पाहायला द्यावी. कुठे जायचे ते मग आपण मिळून ठरवू.