होकार आधी, नकार कधीही

२०२१ च्या करोनाच्या लाटेत बाबा सांगलीत गेले आणि मी इथे अमेरिकेत, पोर्टलंडमध्ये अडकून पडले. तीन वर्षं ते दुःख तसंच साचून राहिलं. शेवटी सिलोसायबिन या मशरूममधल्या द्रव्याच्या सेशनला गेले. इथे ओरेगन राज्याच्या कायद्याने त्याला परवानगी आहे, केंद्रं २०२३ पासून चालू आहेत. तयारीच्या भेटीत मी लिहून दिलं होतं: फक्त हात धरलेला चालेल.

औषध चढलं आणि मी बाबांना हाका मारत रडू लागले. तेव्हा सेशन घेणारा फॅसिलिटेटर माझ्या गादीवर आडवा झाला आणि त्याने मला कुशीत ओढलं. मी अंग चोरलं. "हा तुझ्या मनाचा जुना अडसर आहे, सोडून दे," तो म्हणाला. मी सोडून दिलं. त्या क्षणी तो मला खरोखर बाबांसारखा वाटला. अशा द्रव्यांच्या अमलाखाली समोरचा सांगेल तो अर्थ सहज खरा वाटू शकतो. तिथे दिलेला होकार मी आज होकार मानत नाही.

म्हणून स्पर्शाची हद्द शुद्धीत असताना, लेखी ठरवा. सेशनमध्ये ती आवळता येईल, वाढवता येणार नाही, हे केंद्राकडून वदवून घ्या. ओरेगनचे नियमही आधीच लेखी संमती मागतात. तीसुद्धा मिठी किंवा हात, पावलं, खांदे यांवर हात ठेवणं, एवढ्यापुरतीच. मी ते नियम नंतर वाचले.

खोलीत सेशन घेणारे दोघे असले की धोका टळतो, असं समजू नका. २०१५ मध्ये व्हँकुव्हरला एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याच्या चाचणीत दोन थेरपिस्ट होते, कॅमेराही चालू होता. पण ते दोघे नवराबायको होते. त्यांनी रुग्ण स्त्रीला दाबून धरलं, कवटाळलं. पुढे त्यातल्या पुरुषाने तिच्याशी शरीरसंबंध ठेवले. त्याच्याकडे परवानाही नव्हता. तेव्हा विचारा: दोघांचं आपसात नातं काय? रेकॉर्डिंग बाहेरचं कोण बघतं, कधी बघतं? मला प्रत मिळेल का? परवाना स्वतः तपासा.

तक्रार करायला मला पाच महिने लागले. कारण दुःख खरंच हलकं झालं होतं, आणि ज्याच्यामुळे झालं त्याच्याविरुद्ध बोलणं कृतघ्नपणा वाटायचा. त्यात त्याचे मेसेज यायचे, "आपलं नातं वेगळं आहे." असा मेसेज आला की तो पुसू नका.

भारतात सिलोसायबिन आणि एमडीएमए एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. चोरून भरणाऱ्या शिबिरात कुणी हात टाकला, तर तक्रार करणारीलाच अटकेची भीती. असं वागणारे त्या भीतीच्या भरवशावरच असतात, त्यामुळे तिकडे जाऊच नका. केटामाइन मात्र भारतात डॉक्टर उपचार म्हणून देतात. तेव्हाही खोलीत कोण असेल, हे आधी विचारा आणि घरचं माणूस बाहेर बसवा.

त्या रात्री घरी आल्यावर मी ताईला फोन लावला होता. ती म्हणाली, "आत्ता वहीत लिही, तारीख घाल." ते पान मी ओरेगन आरोग्य खात्याकडच्या तक्रारीला जोडलं आहे.