एका कोयत्यात दोन माणसं

कारखान्यांचा पट्टा पडला, ऊसतोड टोळ्या गावी परतल्या आणि येरमाळ्यात येडेश्वरीची चैत्री यात्रा भरली. यात्रेतली चुनखडी वेचून आलेली पुतणी थेट आत्याच्या ओट्यावर येऊन बसली. ती कळंबला बारावीला आहे. आत्या निवृत्त नर्स.

"आत्या, आईचं ओटीपोट दुखतंय. एका दवाखान्यात म्हणाले, गर्भपिशवी काढून टाका."

"काढून टाका! पायात मोडलेला काटा आहे का तो? वहिनी छत्तीसची आहे. सोनोग्राफी केली?"

"नाही."

"मग ऐक. 2019 साली या ऑपरेशनांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली. सहातली एक! लोक म्हणाले, अडाणी बायका. अडाणी कशाच्या? पाळीत एक दिवस काम सोडून कोपीवर बसलं की खाडा, खाड्याला पाचशेपर्यंत दंड. त्यांनी हिशेब केला."

"पण आता सरकारी परवानगीशिवाय पिशवी काढता येत नाही ना?"

"बीडला तसा नियम केला, बरं केलं. त्यानं ऑपरेशन अडतं, दुखणं नाही."

"लाडकी बहीण आहे की. महिन्याला 1500."

"तीन खाडे. संपले."

"26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा?"

"ती मागायची कुणाकडं, मुकादमाकडं? पुढं बोल."

"खाड्याचंच बोलते. आई एक दिवस झोपली तरी दंड बाबांनी मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतो. मग बाबा चिडतात, आई गप्प बसते."

"उचल बाबांच्या नावावर, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते तुझी आई, पण हिशेबात ती अर्धा कोयता. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं खडी फोडली. मस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं, अंगठा तिचा, पैसे तिच्या हातात. 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळात जमलं ते साखरेच्या पैशात का जमू नये?"

"आत्या, भाषण झालं हे."

"होऊ दे. एकतीस वर्षं रजिस्टरं भरली मी. दिवाळीनंतर गरोदर बाईच्या नावापुढं 'स्थलांतरित' लिहायचं, तपासणीचा रकाना कोरा. रकाना कोरा का, म्हणून वरून मलाच झापायचे. बाई कुठं गेली, हे एकानंही विचारलं नाही."

"पण खाडा बंद कसा होणार?"

"ती मजूर आहे हे आधी कागदावर यायला हवं. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम बोट दाखवतो कारखान्याकडं. ग्रामपंचायतीतून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आणा."

"बाबांचं आहे की."

"वहिनीच्या नावाचं म्हणतेय मी! आणि उद्या तिला धाराशिवला सरकारी दवाखान्यात नेऊ, आधी सोनोग्राफी."

"कागद आला तरी मुकादम खाडा लावेलच ना?"

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही.

"लावेल. म्हणून त्याच्याशी उचल घ्यायच्या आधीच बोलायचं. महिन्याला दोन दिवस बिनदंडाचे, आणि निम्मी उचल वहिनीच्या खात्यात. एकदा पैसे घेतले की तोंड बंद."

"ताईच्या लग्नासाठी बाबांनी परवाच घेतली."