टाचेचे दुखणे आणि पाच लाख आवर्तने

सकाळी उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकवावे आणि टाचेत खिळा रुतावा तशी कळ यावी. पाच-दहा पावले चालल्यावर ती ओसरावी आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा सुरू व्हावी, अशी तक्रार तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. नवी मुंबईतील सीवूड्सचेच उदाहरण घ्या. हार्बर मार्गाच्या गाडीत उभ्याने प्रवास करणारे नोकरदार, स्टेशनलगतच्या दुकानांत दिवसभर उभे असणारे विक्रेते, फळ्यापुढे तासन् तास शिकविणारे शिक्षक, दारावे-करावे भागात डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या मावशी, या सर्वांच्या शरीराचा भार दिवसभर दोन टाचा वाहतात. त्यांतील एखादी कुरकुरू लागली तर नवल नाही.

या दुखण्यावर अलीकडे 'रेडिओफ्रीक्वेन्सी' नावाचा उपचार केला जातो. रेडिओचा आणि टाचेचा काय संबंध? तो समजण्यासाठी आधी पायाची रचना पाहू.

तळव्याचा पट्टा

टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूपासून निघून पायाच्या पाचही बोटांच्या मुळांपर्यंत पसरलेला एक चिवट, तंतुमय पट्टा असतो. वैद्यकात त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान जर धनुष्य मानली तर हा पट्टा म्हणजे त्याची प्रत्यंचा होय.

एक सोपा प्रयोग करून पाहा. मित्राला अनवाणी उभे करा. त्याच्या पायाचा अंगठा हाताने हळूच वर उचला. पायाची कमान आपोआप उंचावलेली दिसेल. अंगठा वर जाताच पट्टा बोटांच्या मुळाशी गुंडाळला जातो, ताणला जातो आणि टाच पुढे ओढतो. रहाटाला दोर गुंडाळावा तशी ही क्रिया हिक्स या शल्यविशारदाने १९५४ साली वर्णन केली. चालताना प्रत्येक पावलाला हेच घडते.

असा ताण वर्षानुवर्षे बसला की पट्टा टाचेच्या हाडाशी जेथे जोडलेला असतो तेथे त्याचे तंतू झिजतात. या विकाराला प्लँटर फॅशिआयटिस म्हणतात. नावातील 'आयटिस' म्हणजे दाह. परंतु २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० रुग्णांच्या पट्ट्यांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाऐवजी तंतूंची झीजच आढळली. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते व पट्टा सैल राहतो. सकाळी पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून तेव्हाची कळ सर्वांत तीव्र असते. 'टाचेचे हाड वाढले' हे कारण पुष्कळदा सांगितले जाते. पण क्ष-किरण चित्रात हाड वाढलेले दिसूनही टाच मुळीच न दुखणारी माणसे पुष्कळ असतात.

समाधानाची गोष्ट अशी, की दहांपैकी आठ-नऊ रुग्ण वर्षभरात साध्या उपायांनी बरे होतात. मऊ तळाची पादत्राणे, वजनावर नियंत्रण आणि रोजचा व्यायाम हे ते उपाय. बसून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत, दहा अंक मोजेपर्यंत धरावीत आणि असे दहा वेळा करावे. आपल्याकडे तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकतात. त्याने बरे वाटते, परंतु ती ऊब मुख्यतः कातडीजवळच राहते. उरलेल्या एक-दोन रुग्णांचे दुखणे हटत नाही. हा नवा उपचार त्यांच्यासाठी आहे.

विजेचा धक्का का बसत नाही?

आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. म्हणजे तो एका दिशेने सेकंदाचा शंभरावा भाग वाहतो आणि मग उलटतो. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. ती उघडून संदेश सुरू होण्यास हा वेळ भरपूर होतो. म्हणून जबर धक्का बसतो व प्राणही जाऊ शकतो.

उपचाराच्या यंत्रातील प्रवाह सेकंदाला सुमारे पाच लाख आवर्तने करतो. एका दिशेने तो सेकंदाचा फक्त दहा लाखावा भाग वाहतो. दार उघडण्यापूर्वीच ढकलण्याची दिशा बदलते, त्यामुळे संदेश निघतच नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोनव्हाल यांनी १८९१ च्या सुमारास हे दाखवून दिले, की आवर्तने सेकंदाला हजारोंनी वाढविली तर शरीरातून प्रवाह जाऊनही स्नायू आखडत नाहीत. पाच लाख आवर्तने म्हणजे ५०० किलोहर्ट्झ. आकाशवाणीचे मुंबई 'ब' केंद्र वर्षानुवर्षे ५५८ किलोहर्ट्झवर ऐकले गेले, हे ध्यानात घेतले की 'रेडिओ' हे नाव का पडले ते कळेल. मात्र येथे लहरी हवेत सोडलेल्या नसतात. प्रवाह सुईतून शरीरात शिरतो आणि मांडीला किंवा पोटरीला चिकटविलेल्या रुंद पट्टीतून यंत्राकडे परततो.

धक्का बसत नाही, पण उष्णता निर्माण होते. ऊतींतील आयन क्षणोक्षणी पुढे-मागे हेलकावतात व घर्षणाने ऊती तापतात. सुई लोहाराच्या सळईसारखी आधी तापविलेली नसते. ऊती तापतात आणि त्यांच्यामुळे सुई तापते! टोक गोल मानले तर त्याच्या केंद्रापासून दुप्पट अंतरावर प्रवाहाची घनता चौथ्या हिश्शावर येते. उष्णता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून काही मिलिमीटरांपलीकडे ऊती सुरक्षित राहतात. रुंद पट्टीखाली प्रवाह विखुरला जात असल्याने तेथे भाजत नाही.

प्रत्यक्ष उपचार

टाचेतील जागा बधिर करून सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई टाचेच्या वेदना वाहणाऱ्या बारीक मज्जातंतूजवळ नेतात. मग मुद्दाम ५० आवर्तनांचा अगदी सौम्य प्रवाह सोडतात. दुखऱ्या जागी मुंग्या आल्या तर सुई योग्य ठिकाणी आहे. त्यानंतर सेकंदाला दोन आवर्तने देतात. बोटे उडाली तर जवळ स्नायूंचा मज्जातंतू आहे असे समजून सुई हलवितात. खात्री पटल्यावर ऊती ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत, एक ते दीड मिनिट तापवितात. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी मज्जातंतूतील प्रथिने गोठतात आणि संदेश थांबतो. दुसऱ्या प्रकारात प्रवाह थांबून-थांबून देतात: सेकंदात दोन वेळा, प्रत्येकी २० सहस्रांश सेकंद. मध्ये उष्णता पसरण्यास वेळ मिळतो, तापमान ४२ अंशांच्या वर जात नाही आणि मज्जातंतू जळत नाही.

संदेश थांबला, झीज थांबली का?

नाही. येथेच या पाठाचे मर्म आहे. या उपचाराने फाटलेला पट्टा शिवला जात नाही. फक्त त्याची बातमी मेंदूकडे नेणारी तार तोडली जाते. घरात धूर असताना धोक्याची घंटा बंद केल्यासारखे हे आहे. घंटेने झोप उडाली असेल तर ती बंद करणे योग्यच, पण धुराचा शोध चालू ठेवला पाहिजे. त्यामुळे उपचारानंतरही व्यायाम आणि योग्य पादत्राणे सोडून चालत नाही. शिवाय मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो, म्हणून काहींचे दुखणे काही महिन्यांनी परत येते. टाचेची कातडी थोडी बधिरही होऊ शकते. मधुमेहाने ज्यांचे पाय आधीच बधिर झाले आहेत, त्यांच्या बाबतीत म्हणूनच फार विचार करावा लागतो.

उपचार खरोखर लागू पडतो हे कसे ठरवावे? टाचदुखी आपोआपही बरी होते, आणि 'मोठ्या यंत्राने उपचार झाला' या विश्वासानेही कळ कमी वाटते. यासाठी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात काही रुग्णांना खरा आणि काहींना केवळ देखाव्याचा उपचार दिला. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते. खऱ्या उपचाराने वेदना अधिक कमी झाल्या. मात्र त्या प्रयोगातील रुग्ण थोडे होते, आणि मोठ्या प्रयोगांची आवश्यकता आहे. तोपर्यंत, साधे उपाय काही महिने नेटाने करूनही ज्यांची टाच ऐकत नाही, त्यांच्यासाठीच हा उपचार राखून ठेवणे शहाणपणाचे होय.

विचार करा

१. थांबून-थांबून प्रवाह देण्याच्या प्रकारात एका सेकंदाच्या किती टक्के वेळ प्रवाह चालू असतो?

२. चिकटविलेली रुंद पट्टी अर्धवट सुटून तिचा फक्त कोपरा शरीराला लागून राहिला, तर काय होईल?

३. हृदयाजवळ पेसमेकर बसविला आहे का, हे डॉक्टर आधीच का विचारतात?