कलत्या पृष्ठभागाचे खरे रूप : संगणकीय आरेखनातील स्वनिर्मित दृश्ये

यंत्राच्या भागाची कल्पना करणारा अभियंता आणि तो भाग प्रत्यक्ष घडविणारा कारागीर यांची पुष्कळदा भेटही होत नाही. त्यांच्यातील संवादाचे मुख्य साधन म्हणजे आरेखन, अर्थात ड्रॉइंग. ते अपुरे असेल तर कारागिराला अंदाज बांधावा लागतो आणि चुकलेल्या अंदाजाचा दोष बहुधा त्याच्याच माथी येतो. आपल्या वसतिगृहातून आयटीआय व पदविका अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या मुलामुलींना उपयोग व्हावा आणि पालकांनाही या विद्येची ओळख व्हावी, या हेतूने येथे तिच्यातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. नेहमीची दृश्ये अपुरी पडतात तेव्हा हवे ते दृश्य स्वतः कसे निर्माण करावे?

या शास्त्राचा पाया फ्रान्समधील गास्पार मोंज यांनी घातला. १७४६ साली एका सामान्य व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मोंज यांनी मेझिएर येथील लष्करी विद्यालयात असताना तटबंदीच्या आराखड्याचा प्रश्न लांबलचक आकडेमोडीऐवजी भूमितीने सोडविला. ही पद्धत बराच काळ लष्करी गुपित म्हणून राखली गेली. १७९५ साली पॅरिसमध्ये त्यांनी ती जाहीर व्याख्यानांतून शिकविली. आज आयटीआयच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तीच विद्या शिकतो.

तीन दृश्यांची मर्यादा

समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्ये दिली की बहुतेक वस्तू समजतात. पृष्ठभाग कलता असला की अडचण येते. समजा, एका ब्रॅकेटची पट्टी आडव्या पायापासून ३० अंशांनी वर उचललेली आहे. तिची लांबी १०० मिलिमीटर असून उताराच्या दिशेने ६० मिलिमीटर अंतरावर दोन गोल छिद्रे आहेत. समोरून ही पट्टी केवळ तिरकी कड म्हणून दिसते, छिद्रांचा आकार दिसत नाही. वरून पाहता छिद्रे दिसतात, पण पट्टीची लांबी ८६.६ आणि छिद्रांतील अंतर सुमारे ५२ मिलिमीटर भरते. २० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ लंबवर्तुळ होऊन एका दिशेने १७.३ मिलिमीटरच उरते. हे ५२ माप धरून कोणी पट्टीवर छिद्रे पाडली, तर जोडणीच्या वेळी बोल्ट बसणार नाहीत आणि तो जॉब भंगारात जाईल.

यावर उपाय एकच : त्या पृष्ठभागाकडे काटकोनात पाहणे. पृष्ठभाग तिन्ही प्रतलांशी कलता असेल, तर हाताने काढताना एकापाठोपाठ एक अशी दोन साहाय्यक दृश्ये रचावी लागतात. संगणकावर तेच काम काही क्षणांत होते.

कृती

सॉलिडवर्क्स या प्रचलित प्रणालीत पुढील क्रम ठेवावा.

१. मॉडेलमधील कलता पृष्ठभाग निवडावा. नंतर कंट्रोल कळ दाबून, जो वरच्या दिशेला हवा तो दुसरा पृष्ठभाग निवडावा.

२. 'नॉर्मल टू' ही आज्ञा द्यावी. पहिला पृष्ठभाग पडद्याला समांतर होतो.

३. स्पेसबार दाबून उघडणाऱ्या चौकटीत 'न्यू व्ह्यू' निवडावे, दृश्याला अर्थपूर्ण नाव द्यावे आणि मॉडेल जतन करावे.

४. ड्रॉइंगमध्ये 'मॉडेल व्ह्यू' घेऊन त्या नावाचे दृश्य कागदावर ठेवावे.

दक्षता

माउसने मॉडेल अंदाजे फिरवून दृश्य जतन करू नये. डोळ्यांना सरळ भासणारे दृश्य अंशभर कलते असू शकते आणि त्यावरील प्रक्षेपित मापे तेवढीच फसवी ठरतात.

नाव देऊन जतन केलेले दृश्य ही एक स्थिर दिशा असते. पुढे पट्टीचा कोन ३० वरून ३५ अंश केला, तरी दृश्य जुन्याच दिशेने पाहत राहते. असे बदल संभवत असतील तर 'रिलेटिव्ह व्ह्यू' वापरावे. ते निवडलेल्या दोन पृष्ठभागांशी बांधलेले असल्याने कोनाबरोबर बदलते.

'अपडेट स्टँडर्ड व्ह्यूज' ही आज्ञा विचारपूर्वकच द्यावी. तिने मॉडेलची मूळ दृश्येच फिरतात आणि आधी तयार केलेली ड्रॉइंग्ज बिघडू शकतात.

स्वतंत्रपणे ठेवलेल्या दृश्याचा इतर दृश्यांशी संबंध आपोआप कळत नाही. म्हणून मुख्य दृश्यावर पाहण्याच्या दिशेचा बाण काढून 'दृश्य अ' असे लिहावे आणि तेच नाव नव्या दृश्याखाली द्यावे.

सरावासाठी

६० मिलिमीटर बाजूचा घन तयार करावा. एका कोपऱ्यापासून तीन कडांवर ४०, ३० आणि २० मिलिमीटरवर खुणा करून तो कोपरा सपाट कापावा. प्रत्येक नेहमीच्या दृश्यात कापलेला पृष्ठभाग काटकोन त्रिकोण दिसेल आणि त्याची एकच बाजू खऱ्या मापाची असेल. काटकोनातील दृश्यात मात्र ५०, ४४.७ आणि ३६.१ या तिन्ही बाजू एकत्र मिळाल्या पाहिजेत. त्या मिळाल्या नाहीत तर पहिल्या पायरीपासून पुन्हा तपासावे.

सॉलिडवर्क्स विकत घेणे शक्य नसल्यास फ्रीकॅड ही मुक्त प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्या टेकड्रॉ विभागात पृष्ठभाग निवडून दृश्य घातले की ते त्या पृष्ठभागाला काटकोनात येते. त्यामुळे हा सराव घरच्या साध्या संगणकावरही करता येईल.